अठरा मजल्यांचं एक धुराडं

एक्स-रे अगदी स्वच्छ होता. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडासमोर धरून वरखाली पाहिला, मग माझ्या बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "घरी मिरची-मांस करता?"

आमच्या छांगशा शहरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. मिरची-मांस होत नाही ते घर एक तर रिकामं असतं, नाही तर परगावच्या माणसाचं असतं. "आठवड्यातून चारदा," ग्वेलान म्हणाली आणि खोकली.

"मिरच्या आधी कोरड्या कढईत करपवून?"

"मग काय उकडून करायच्या?"

"शेगडीवर चिमणी आहे ना? धूर ओढते?"

 ग्वेलानने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात हे पाहणं मला चांगलं ओळखीचं झालेलं आहे. डॉक्टरीणबाईही माझ्याकडे पाहू लागल्या. "फुप्फुसं ठणठणीत आहेत. घसा मात्र धुराने सोलून निघालाय. एक तर स्वयंपाकघरातली हवा बदला, नाही तर स्वयंपाक करणारं माणूस बदला," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आमच्या घरात माणसं दोन. त्यामुळे या वैद्यकीय सल्ल्याचा रोख कुणावर होता ते सांगायला नको. मला भात लावता येतो. पाणी उकळता येतं. यापलीकडे मी कधी गेलो नाही आणि जायची वेळही कुणी आणली नाही.

परतीच्या बसमध्ये ग्वेलानने शेन्झेनला लेकीला फोन लावला. आमची मंगयाव म्हणजे एक घाव दोन तुकडे. आम्ही चौथ्या स्टॉपवर पोचेपर्यंत तिने आईचं एकवीस तारखेचं रेल्वेचं तिकीट काढून फोनवर धाडलंसुद्धा.

"आणि परतीचं?" मी विचारलं.

"परतीचं बघू," ग्वेलान म्हणाली. "तू एकतीस वर्षं पोरांना वारे शिकवलेस, लाओ थान. व्यापारी वारे, मोसमी वारे, वाळवंटातले वारे. एकवीस तारखेच्या आत आपल्या घरात शेगडीपासून छतापर्यंत एक वारा वाहवून दाखव. मग बघते."

मी भूगोलाचा शिक्षक होतो हे यावरून कळलंच असेल. बायकोने विषयावर घसरावं, हे मला लागलं. पण खरं सांगतो, त्याहून जास्त मला भीती वाटली. ग्वेलान नसलेलं घर मी एकदाच पाहिलं होतं, तिच्या आईच्या आजारपणात, नऊ दिवस. नवव्या दिवशी मी सोफ्यावरच्या उशीशी बोलत होतो. आज चार तारीख होती.

घरी आल्या आल्या मी एक घोडचूक केली. बिल्डिंगच्या ग्रुपवर विचारलं, "चिमणी नीट ओढत नाही. काय करावं?" वीस मिनिटांत त्रेचाळीस उत्तरं आली. कुणी सोडा म्हणालं, कुणी कणकेचा गोळा फिरवा म्हणालं, बाराव्या मजल्याने मिरची सोडा असं सांगितलं आणि त्याच्यावर सगळे मिळून तुटून पडले. पंधराव्या मजल्याने गावाकडचा मध विकायला काढला. आमच्या सातव्या मजल्याच्या खाली, सहाव्यावरच्या श्यांग वहिनी तर जातीने वर आल्या. या बाई बागेतल्या नाचाच्या मंडळाच्या प्रमुख, त्यामुळे त्या बोलतात तेव्हा शंभर बायकांना ऐकू जाईल असंच बोलतात.

"मास्तर! नूडल उकडलेलं पाणी आणलंय! गरम आहे तोवर घासा! तेल असं सुटतं!"

मी स्टुलावर चढलो. चिमणीच्या खाली तेल साठायची एक वाटी असते. ती आधी काढायची असते, हे मला स्टुलावर चढल्यावर कळलं, आणि कसं कळलं तेही सांगतो. वाटी माझ्या डोक्यावर उपडी झाली. तेल काळं आणि पाकासारखं घट्ट होतं, ते सावकाश, जराही घाई न करता माझ्या कानामागून कॉलरीत उतरलं. श्यांग वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी नुसता फोटो काढला.

घासूनपुसून चिमणी चकचकीत झाली. मग आठव्या मजल्यावरचे ओऊ इंजिनियर तपासणीला आले. जन्मभर इंजिनांच्या कारखान्यात काढलेला माणूस. नळाला वायसर बसवायचा तरी हे आधी कागदावर आकृती काढतात. ते म्हणाले, "मास्तर, सोपी परीक्षा आहे. चिमणी चालू करा आणि जाळीला कागद लावा. चिकटला तर ओढ आहे, पडला तर नाही." खिशात हाताला लागला तो कागद मी लावला. क्षणभर थरथरला आणि खाली कढईत पडला. तो डॉक्टरीणबाईंच्या औषधांचा कागद होता. ग्वेलानने तो झाऱ्याने बाहेर काढला, पण औषधाचं नाव तोवर मिरचीच्या तेलात विरघळलं होतं.

सहा तारखेला मी नवी चिमणी आणली. दुकानातल्या मुलीने ती चालू करून खाली लाकडी फळी धरली, तर फळी वर जाऊन जाळीला घट्ट चिकटली. मला अगदी भरून आलं. "हिच्याहून जोराची आहे का?" मी विचारलं. "याहून जोराची घेतलीत तर काका, भात पण वर जाईल," ती म्हणाली.

बसवायला आलेला फिटर बोलका होता. त्याने मला समजावलं, की छताच्या पत्र्यांआड, जिथे आपला पाइप बिल्डिंगच्या सामाईक धुराड्याला मिळतो, तिथे एक झडप असते. आपला धूर ती बाहेर जाऊ देते आणि शेजाऱ्यांचा आत येऊ देत नाही. "छत उघडून एकदा झडप बघू का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "ती कारखान्यात बनलेली आहे. तिला काय धाड भरलीय? तुम्ही चिमणीचं बघा." त्याने खांदे उडवले, नवी चिमणी जुन्या पाइपाला जोडली आणि तो गेला.

संध्याकाळी सहा वाजता ग्वेलानने मिरच्या टाकल्या, मी बटण दाबलं. आवाज असा झाला की समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसाने खिडकी उघडून आकाशात पाहिलं. धूर सरळ वर गेला! मी टाळी वाजवली. मग छताच्या पत्र्यांच्या फटींतून तोच धूर हळूहळू खाली यायला लागला. दिव्याच्या कडेने आला. न्हाणीघरातल्या दिव्यातूनही आला. "वा," ग्वेलान पदराने, म्हणजे ॲप्रनच्या टोकाने, तोंड झाकून म्हणाली, "आता न्हाणीघरातही मिरची-मांस होतं आपल्याकडे." आणि ती इतकी खोकली की मला तिच्या पाठीवर हात फिरवावा लागला. तिने तो झटकला नाही. ते मला जास्त काळजीचं वाटलं.

दहा मिनिटांत दारात श्यांग वहिनी. "मास्तर! तुमचं मिरची-मांस आमच्या ओट्याखालच्या कपाटात आलंय! आता भात तेवढा पाठवा!"

ओऊ इंजिनियरांनी आकृती काढली. अठरा मजले, एक धुराडं. संध्याकाळी सहाला अठरा शेगड्या एकदम पेटतात, अठरा चिमण्या एकाच नळीत फुंकतात, आत दाब वाढतो, मग बिचाऱ्या मधल्या मजल्याच्या धुराने जावं कुठे? जास्त दाब, कमी दाब! अहो, हा तर माझा विषय! इतके दिवस मी उगाच कणिक आणि नूडलच्या पाण्यात अडकलो होतो. मी ओऊंना तिथल्या तिथे अर्धा तास जागतिक वाऱ्यांवर बोलून दाखवलं. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मॅनेजर ल्याव मॅडम वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा, पण खुर्चीवर बसल्या की साठीच्या वाटतात. "धुराडं सामाईक आहे, थान मास्तर. ते उघडायचं तर दोन तृतीयांश मालकांच्या सह्या लागतील. आधी तक्रारीचा फॉर्म भरा."

फॉर्मवर तक्रारीचे तीन प्रकार होते. गळती, आवाज आणि पाळीव प्राणी. धूर नव्हताच. मॅडमनी विचार करून गळतीवर खूण करायला सांगितली, कारण धूरही एका अर्थी गळतोच. त्यानुसार नऊ तारखेला प्लंबर आला. त्याने सगळे नळ उघडून पाहिले, एकही गळत नव्हता. तसं त्याने माझ्याकडून लिहून घेतलं आणि दुपारी फोनवर संदेश आला, की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे, कृपया पाच तारे द्यावेत. मी दिले. प्लंबर सज्जन होता, त्याच्या पोटावर कशाला पाय?

आता सरकारदरबारी दाद नाही म्हटल्यावर माणसाने स्वतःच्या अंगचे गुण आठवावेत. शाळेत चौदा वर्षं वेळापत्रक मी लावत होतो. बेचाळीस वर्ग, सत्तर शिक्षक, त्यांतले दोघे एकमेकांचं तोंड पाहत नसत, तरी कधी टक्कर झाली नाही. अठरा कढयांचं वेळापत्रक म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! मी तक्ता करून ग्रुपवर टाकला. सम मजल्यांनी सव्वापाच ते सहा, विषम मजल्यांनी सहा ते पावणेसात, मिरची करपवणाऱ्यांनी आपापल्या तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत उरकून घ्यावी, वाफवणाऱ्यांना मोकळीक.

लोक मला फाडून खातील असं वाटलं होतं. पण श्यांग वहिनींनी ग्रुपवर आवाजी संदेश टाकला. "ऐका सगळ्यांनी! ग्वेलान दोन आठवडे बागेत गायला आलेली नाही! तिचा घसा गेलाय! माझ्या पोरीच्या बाळंतपणात महिनाभर कोंबडीचं सूप कुणी पोचवलं होतं? जो मजला वेळ पाळणार नाही, त्याच्या दारात येऊन मी नाचीन!" यानंतर एकाचीही हिंमत झाली नाही.

म्हणजे फारशी झाली नाही. दुसऱ्याच दिवशी नवव्या मजल्याने समांच्या तासात खिडक्या लावून चोरून वांगी तळली. लसणाच्या वासावरून दहाव्याने ओळखलं आणि ग्रुपवर चुगली केली. चौथ्या मजल्याने आपल्या आजोबांना सव्वापाचला भूक नसते म्हणून विषमांत बदली मागितली. तेराव्या मजल्याच्या सूनबाई म्हणाल्या, मी ऑफिसातून साडेसहाला येते, मला पंधरा मिनिटांत कुठली शेगडी आणि कुठली मिरची? मी त्यांना जादा तास दिला. सगळं शाळेसारखंच चाललं होतं, खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

फक्त आमच्या स्वयंपाकघरातला धूर तसूभरही हलत नव्हता. ग्वेलान विषमांच्या तासात उभी राहून खोकायची. आवाज इतका बसला होता की मला हाक मारण्याऐवजी ती झारा कढईवर आपटायची. सतरा तारखेला तिने बॅग काढून पलंगावर ठेवली. मी ती परत कपाटात ठेवली. तिने ती पुन्हा काढली आणि थंडीचे कपडे भरायला घेतले. थंडीचे! अजून हिवाळ्याला दोन महिने होते.

"शेवटची परीक्षा घेऊ," ओऊ म्हणाले. "एकोणीस तारखेला, सहा ते साडेसहा, सगळ्या मजल्यांनी शेगड्या बंद ठेवायच्या. फक्त तुमची कढई. मी गच्चीवर धुराड्याच्या तोंडाशी लाल रिबीन धरून उभा राहतो. रिबीन उडाली तर दोष गर्दीचा. ल्याव मॅडमना आधीच बोलावून ठेवू, म्हणजे लगेच सह्या गोळा करता येतील."

एकोणीसला सहा वाजता अख्खी बिल्डिंग उपाशी बसली. सतरा घरांत भाज्या चिरून तयार, भात झाकून ठेवलेला, पोरं ताटल्या वाजवताहेत. आमच्या स्वयंपाकघरात मी, ग्वेलान, श्यांग वहिनी आणि हातात फॉर्म घेतलेल्या ल्याव मॅडम. ग्वेलानने कढई तापवली, हिरव्या मिरच्या कोरड्याच टाकल्या, झाऱ्याने दाबल्या. चरचर झाली. मी चिमणी पूर्ण जोरावर टाकली आणि फोन कानाला लावला.

"ओऊ इंजिनियर, उडाली का?"

"काय उडाली का? तुम्ही चालू केलंत का आधी?"

"अहो केव्हाच!"

"इथे रिबीन मेल्यासारखी लोंबतेय, मास्तर!"

तोवर धूर छतातून परतला होता. आधी श्यांग वहिनी खोकल्या, मग ल्याव मॅडमना ठसका लागला, डोळ्यांतलं पाणी फॉर्मवर पडून शाई पसरली. ग्वेलान खोकत खोकत ओट्याला धरून खाली बसली. मी गॅस बंद केला, खिडकी सताड उघडली आणि पहिल्यांदाच मनाशी म्हटलं, की ही जाणार आणि जायलाच हवी.

ओऊ गच्चीवरून उतरून आले, तडक स्टुलावर चढले, छताचा पत्रा काढला, पाइप पिळून झडपेपासून सोडवला. आत टॉर्च मारला. 

"मास्तर, ही पट्टी कसली?"

झडपेच्या पाकळीवर आडवी-उभी निळी चिकटपट्टी होती. वाहतुकीत पाकळी आपटू नये म्हणून कारखान्यात लावतात ती. खालच्या अंगाने जरा सुटली होती, बोटभर फट, बारा वर्षांत गेला असेल तो धूर तेवढ्यातूनच. पट्टीवर छापलं होतं, 'बसवल्यावर काढून टाका.'

आता काय सांगू तुम्हाला. आमच्या पिढीला नव्या वस्तूवरचा कागद काढायचा जिवावर येतो. काढला की वस्तू जुनी व्हायला लागते. आमच्या फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक अजून आहे, रिमोट पिशवीत आहे, सोफ्याच्या पायांना पुठ्ठे आहेत. बारा वर्षांपूर्वी पहिला फिटर ती पट्टी ओढायला गेला तेव्हा मीच त्याचा हात धरला होता. ग्वेलान म्हणालीसुद्धा होती, "अरे, काढा असं लिहिलंय त्यावर." आणि मी म्हणालो होतो, "ते आपल्यासाठी नाही, ते सामान वाहणाऱ्यांसाठी. कारखान्याची मोहर आहे, राहू दे." सगळं मला लख्ख आठवलं. ग्वेलानलाही आठवलं, ते मला दिसलं.

माझा फोन वाजायला लागला. ग्रुप. 'झालं का?' 'मास्तर, पोरं रडताहेत.' 'काय निघालं?' 'भात गार झाला.'

ओऊ चांगला माणूस. म्हणाले, "जुना माल, होतं असं." ल्याव मॅडमनी ओला फॉर्म सारखा केला. "कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक' लिहू?" श्यांग वहिनी, आयुष्यात पहिल्यांदाच, हळू आवाजात म्हणाल्या, "लिहा बाई, तांत्रिकच लिहा." ग्वेलान ओट्याशी खाली बसलेली होती. ती त्या निळ्या पट्टीकडे पाहत होती.

मी फोनवर लिहायला घेतलं. 'दाबातील स्थानिक तफावत' इथवर लिहिलं आणि पुसलं. 'झडपेतील अडथळा' लिहिलं, तेही पुसलं. मग लिहिलं, 'झडपेवरची पट्टी बारा वर्षांपूर्वी मी काढू दिली नाही. बायको तेव्हाच काढा म्हणाली होती. चूक माझी. तुम्हाला सगळ्यांना उपाशी ठेवलं. स्वयंपाकाला लागा.' आणि पाठवलं. एकतीस वर्षं शिकवलं, चूक फळ्यावर लिहून दाखवली ती नेहमी दुसऱ्याची. 

 मग बाराव्याने लिहिलं, 'मास्तर, आमच्यावरची पट्टी पण बघून घेतो.' मग अख्खा ग्रुप हसायला लागला आणि सतरा शेगड्या एकदम पेटल्या.

ओऊंनी पट्टी ओढली, पाइप जोडला. ग्वेलान उठली, गॅस लावला, उरलेल्या मिरच्या कढईत टाकल्या. धूर उठला आणि सरळ वर, ओढून नेल्यासारखा गेला. पुन्हा उठला, पुन्हा गेला. ती कढईवर वाकून उभी होती, वाट पाहत होती खोकल्याची, आणि खोकला येत नव्हता. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

सगळे गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. तिने मला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं. ती शिव्या देईल म्हणून मी तयारीने बसलो होतो. ती नुसती जेवत होती, हे फार वाईट.

"तिकीट रद्द करतो," शेवटी मीच म्हणालो.

"कशाला?"

"अगं, गेला ना धूर!"

"गेला की."

"मग रागावून जातेस?"

"राग तर आलाय," ती म्हणाली. आवाज अजून घोगराच होता. "बारा वर्षांचा राग एका संध्याकाळी संपत नाही, लाओ थान. तो मी पुरवून पुरवून काढीन. पण जातेय ती रागाने नाही. लेक दोन वर्षं बोलावतेय. मी दर वेळी निघायचं ठरवते आणि मग मनात येतं, की हा माणूस एकटा त्या धुरात कढईपुढे उभा राहणार, खोकून खोकून मरेल. मग नाहीच म्हणते. या वेळीही बॅग भरली, पण वीस तारखेला पुन्हा उपसलीच असती." तिने माझ्या भातावर मांसाचा एक तुकडा ठेवला. "आता काळजी नाही. महिनाभर राहून येते."

मी भाताकडे पाहत बसलो. 

"उद्या सकाळी सहाला ऊठ," ती म्हणाली. "मिरच्या कशा करपवायच्या ते दाखवते. एका दिवसात शिकायचंय तुला."

मी पावणेसहालाच उठलो.